वजा दोनशे चौदा

राजमणी गज्जम. ओळ तीनशे अठ्ठ्याऐंशी.
जन्म: वजा दोनशे चौदा.

एप्रिल. दुपारचे अडीच. अक्कलकोट रोडच्या दवाखान्यात
वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, मी आणि एक कूलर
ज्यात पाणी कुणी घालायचं हे अजून ठरलेलं नाही.
चौदाशे बारा विडीवाल्या बायकांची फुप्फुसं
माझ्यासमोर आकड्यांत उभी आहेत.
डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत वयं हवीत.
वजा दोनशे चौदाचं वय काय सांगू?

माझ्या आधीची सुमित्रा कोंड्याल पुण्याला गेली.
जाताना फाइल झाडूनपुसून ठेवली तिनं,
त्या झाडण्यात फॉरमॅटही निघून गेले.
फोन लागतो. उचलत नाही.

आमचे नाना जॅकार्डची कार्डं पाडायचे, साखर पेठेत.
पुठ्ठ्यावर भोकं, ओळीनं भोकं, फूल कुठेच नाही.
मी विचारायची, मोर कुठाय?
म्हणायचे, मोर चादरीवर असतोय गं.
इथं फक्त मोराचा हिशोब.

तर मी चादर सोडली, कार्डांकडे गेले.

सॉफ्टवेअरच्या पोटात एक तक्ता असतो
जो कुणी भरत नाही, आपोआप भरतो:
कुठल्या तक्त्यात कुठला रकाना,
अंक की अक्षर, किती लांब, कुठला फॉरमॅट, लेबल काय.
माणसांबद्दल त्यात एक शब्द नाही.
मी त्यालाच विचारलं, साध्या तीन ओळींत:
या सगळ्या पसाऱ्यात
'जन्म' नावाचा रकाना कुठे कुठे आहे,
आणि तिथे त्यानं अंगावर काय घातलंय?

सहा ठिकाणी होता. पाच ठिकाणी उघडाच.
सहावी, पहिल्या फेरीची विसरलेली फाइल,
तिथे फॉरमॅटच्या रकान्यात: तारीख.
म्हणजे दिवस मोजलेत, १ जानेवारी १९६० पासून.
यंत्राचं जग त्या दिवशी सुरू होतं.
राजमणी त्याच्या दोनशे चौदा दिवस आधीची.

फॉरमॅट चढवला.
१ जून १९५९.

बरं वाटलं. मग खाली बघितलं.
१ जून १९६२. १ जून १९५७. १ जून. १ जून.
आठशे सहा बायका, एकाच तारखेच्या.
शाळेतल्या गुरुजींनी, नाहीतर कार्ड काढणाऱ्या कारकुनानं
एका फटक्यात जन्माला घातलेल्या.
फॉरमॅट बरोबर होता. त्याचा काही दोष नाही.

पाचला राजमणीबाई तपासणीला आल्या,
तंबाखूचा वास, बोटांची टोकं पिवळी.
विचारलं, जन्म कधीचा तुमचा?
हसल्या. "आता ते काय की वो, बाई.
उन्हाळा होता म्हणं. विहीर आटली होती.
आणि आई सूप मांडीवरून खाली ठेवत नव्हती,
हजार पुरे व्हायचे होते."

वयं मी पाठवून दिली, १ जून धरून. डॉक्टरांना तेवढंच लागतं.

मग लेबलचा रकाना उघडला.
दोनशे छप्पन्न जागा असतात त्यात,
पण आपल्या एकेका अक्षराला, काना-मात्रेलाही
तीन तीन जागा लागतात, हे माहीत असून लिहीत गेले.
साठवलं. तक्त्यांच्या तक्त्याला परत विचारलं
काय नोंदवलंस. त्यानं दाखवलं:

जन्मतारीख. कारकुनानं घातलेली, सांगितलेली नव्हे. सांगितलेलं असं: उन्हाळा होता, विहीर आटली होती, आण

तिथे जागा संपली.
'आणि'ची वेलांटी गेली, पुढची आई गेली, सूप गेलं.
उरली ती आण.
खोडायला हात नेला होता.
राहू दिली.
कूलरमध्ये पाणी घालायला उठले.